पंचफुलाबाईची पऱ्हाटी

पंचफुलाबाई चरपे कधी चालत येत नाहीत. निम्म्या धावत येतात, आणि त्यांचं बोलणं त्यांच्याही आधी आपल्या दारात पोचलेलं असतं. "बाई, आयकलं काय?" एवढं कानावर पडलं की मी गॅस बारीक करते, कारण आता लवकर सुटका नाही. मी सौंसरच्या शाळेत शिकवते आणि रामाकोन्यात त्यांच्या शेजारी राहते. त्यामुळे ही सगळी हकीकत मला घरबसल्या, ताजी ताजी, त्यांच्या हातवाऱ्यांसकट मिळत गेली. थोडी मी स्वतःही पाहिली.

पंचफुलाबाईंचं वय पंचेचाळिशीच्या पुढचं. माहेर पांढुर्ण्याकडचं. शिक्षण आठवीपर्यंत, पण यंत्रांचं भारी वेड. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सासऱ्यांचा बंद पडलेला फवारणीचा पंप उघडून अंगणात मांडला होता म्हणे. तो परत जोडता आला नाही, ती गोष्ट वेगळी. नवरा मोतीरामभाऊ अगदी उलट, शांत. बोलायचं असलं तर आधी पानाला चुना लावतील, मग सुपारी कातरतील, मग एक वाक्य बोलतील. दोघांची थोडी कपाशी, थोडा ऊस आणि संत्र्यांची बाग. बाग म्हणजे मोतीरामभाऊंचा जीव.

आमच्या भागात कापसाचा शेवटचा वेचा झाला की वावरात पऱ्हाटी उभी राहते. कापूस गेलेली, वाळलेली, नुसत्या काड्यांची झाडं. पूर्वी ती चुलीला लागायची. घराघरांत सिलिंडर आले आणि पऱ्हाटीला कोणी विचारेना. मग लोक ती चिमट्यानं उपटतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग रचतात आणि काडी लावून मोकळे होतात. त्या दिवसांत सौंसरहून बसनं यावं तर दोन्ही बाजूंना धूरच धूर.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी अशीच काडी लावली आणि वारा फिरला. ढीग चरप्यांचाच होता. जाळ धुरा ओलांडून बागेच्या कडेला पोचला. संत्र्यांचा आंब्या बहार नुकताच फुलला होता, झाडं पांढरी झाली होती. लोक धावले, पाणी मारलं, आग विझली. पण कडेची सगळी ओळ होरपळली. फुलं काळी होऊन गळून गेली. मोतीरामभाऊ जळक्या झाडांच्या आळ्यांत पाणी सोडत उभे राहिले.

पंचफुलाबाईंनी तिथंच जाहीर केलं, "आजपासून आपल्या वावरात पऱ्हाटी जाळाची नाई."

"मंग काय कराची?" कुणीतरी विचारलं.

"ते मले अजून मालूम नाई. पण जाळाची नाई."

पुढच्या हंगामात चरप्यांच्या धुऱ्यावर पऱ्हाटीची ही मोठी गंजी उभी राहिली. लोक येता-जाता विचारायचे, "काय वं, म्युझियम खोलून राहिली काय?" त्यात एक नाग निघाला तेव्हा तर थट्टेला ऊत आला. पंचफुलाबाई हसून घ्यायच्या, पण गंजीकडे बघताना त्यांच्या कपाळावर आठी पडायची.

मग एक दिवस त्यांना सौंसरच्या बसस्टँडवर करुणा भेटली.

करुणा सोमकुंवर आमच्या रामाकोन्याचीच. तिची आई सुमनबाई चरप्यांच्या वावरात कापूस वेचायला यायची आणि बरोबर करुणाही. नवी नवरी पंचफुला आणि शाळकरी करुणा एकाच ओळीत कापूस वेचायच्या, तेव्हापासूनची ओळख. करुणानं पुढं आयटीआय केलं, बॉयलरची परीक्षा दिली आणि आता ती उसाच्या कारखान्यात बॉयलर चालवते. मुख्य रस्त्यानं पांढुर्ण्याकडे जाताना उजव्या हाताला ज्याची चिमणी दिसते, तोच कारखाना.

पूर्वी तो नुसती साखर करायचा. दिवाळीनंतर चिमणी धूर टाकायला लागायची आणि ऊस संपला की गप्प. तेव्हा निम्मे कामगार घरी बसायचे. गेल्या काही वर्षांत कारखान्यानं कूस बदलली. उसाचं चिपाड जाळून टर्बाइनवर वीज करायची आणि ती सरकारी लाईनीत सोडायची, हे एक नवीन काम. दुसरं म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून इथेनॉल करायचं, जे पेट्रोलात मिसळतात. गावात याची भारी चर्चा होती. उसावर मोटारसायकल चालणार, असं पोरं सांगत फिरायची.

पण त्या दिवशी करुणाचा चेहरा उतरलेला होता.

"काय वं, काय झालं?" पंचफुलाबाईंनी बसमध्ये तिच्यासाठी जागा धरत विचारलं.

"काई नाई वयनी. नवीन प्लांट मस्त चालून राहिला. पण ऊस संपला की चिपाड संपते. उन्हाळ्यात पुन्हा सगळं बंद. टर्बाइन बंद, इथेनॉल बंद, मी घरी."

"मळी पण संपते काय?"

"मळीचे टाके तर भरून हायेत! पण वाफ पायजे ना. वाफेशिवाय इथेनॉल निंगत नाई, अन् वाफेले जळण पायजे. साहेब कुठूनकुठून धानाचा कोंडा मागवून राहिले. तोही पुरत नाई."

पंचफुलाबाई गप्प झाल्या. करुणा सांगते की तिनं त्यांना एवढा वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. बस जामसांवलीच्या फाट्याला लागली, मारुतीच्या दर्शनाची गर्दी उतरली, तरी त्या गप्पच. मग एकदम तिचा हात धरून म्हणाल्या, "करुणा, पऱ्हाटी जळते काय वं तुमच्या बॉयलरात?"

करुणा हसली. "जळते ना. काहून नाई जळणार? पण तेवढी आणते कोण?"

"मी आणतो!"

असं म्हणून त्या चालत्या बसमध्ये उभ्याच राहिल्या. कंडक्टर ओरडला तेव्हा बसल्या.

संध्याकाळी माझ्या दारात "बाई, आयकलं काय?" झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्हाटीची मोळी ओढणीत बांधून पंचफुलाबाई कारखान्याच्या गेटवर हजर. करुणानं आत सांगून ठेवलं होतं. जळणाचं खातं बघणारे कुलदीप साहेब स्वतः बाहेर आले. हे छिंदवाड्याचे, तरुण, मराठी चांगलं समजतं, पण बोलता बोलता हिंदीत घसरतात. त्यांनी एक काडी हातात घेऊन मोडली. कट्‌ आवाज झाला.

"लकडी तो बढिया है, बाई," ते म्हणाले. "चिपाडापेक्षा जास्त ताकद आहे हिच्यात. पण अशी लांब नाही चालत, जळणाच्या पट्ट्यात गुंडाळून बसते. बोटाएवढे तुकडे पाहिजेत. गीली नहीं चाहिए. आणि मिट्टी तो बिलकुल नहीं."

"होऊन जाते," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"ट्रायल म्हणून एक ट्रॉली आणा. पाहू."

एवढंच. पण पंचफुलाबाई घरी आल्या त्या कारखाना जिंकून आल्यासारख्या. मोतीरामभाऊंचा चुलतभाऊ राजू ट्रॅक्टर चालवतो, त्याच्याकडे कडब्याची कुट्टी करायचं मशीन होतं. ते लावलं. गंजी खाली आली, घरघर सुरू झाली. आजूबाजूच्या बाया बघायला आल्या आणि बघता बघता पदर खोचून मदतीला लागल्या. तुकडे बोटाएवढे झाले. गंजी वर्षभर वाळलेली, ओलं काही नव्हतं. ट्रॉली भरून वर गुलाल टाकायचा तेवढा बाकी राहिला होता.

मातीचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. पऱ्हाटी चिमट्यानं उपटलेली, म्हणजे मुळांसकट. मुळांच्या गाठींत काळी माती घट्ट बसलेली. कुट्टीच्या मशीननं काड्या कापल्या, गाठी मात्र तशाच पुढं ढकलल्या.

कारखान्यात ती ट्रॉली रिकामी झाली आणि थोड्याच वेळात जळण वर नेणारा पट्टा अडला. गाठी साखळीत फसल्या. लोकांनी काढल्या, पट्टा चालू केला, पुन्हा अडला. जी पऱ्हाटी आत गेली तिच्याबरोबर माती गेली. बॉयलरच्या तळाला ती वितळून चिकटली. वाफेचा दाब उतरला, टर्बाइन थांबवावं लागलं आणि सगळी पाळी साफसफाईत गेली. बोलणी करुणालाही बसली, कारण शिफारस तिची होती.

कुलदीप साहेब रागावून बोलले नाहीत. "बाई, मेहनत तुम्ही खूप केली," ते म्हणाले. "पण हे मला परवडणार नाही. आता पुढच्या वर्षी पाहू."

त्या दिवशी पंचफुलाबाई चालत घरी आल्या. मी ओट्यावरून बघत होते. मला बघूनही त्या "बाई" म्हणाल्या नाहीत. सरळ आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी करुणाला सुट्टी होती. दुपारी त्या करुणाच्या घरी गेल्या. सुमनबाईंनी चहा ठेवला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "करुणा, माह्यापायी तुले आयकून घ्या लागलं."

"वयनी, आयकून घेतलं तर घेतलं. कानाले भोक नाई पडलं," करुणा म्हणाली. "पण तुमी एकदा आत येऊन पाहा. आपण टाकतो ते जाते कुठी अन् होते काय, पाह्यल्याशिवाय नाई समजत."

तिनं साहेबांची परवानगी काढली. डोक्यावर हेल्मेट, पायात करुणाचेच जुने बंद बूट, साडीवर कुणाचा तरी खाकी शर्ट, अशा अवतारात पंचफुलाबाई बॉयलरच्या जिन्यानं वर चढल्या. त्या दिवसाचं वर्णन मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. लोखंडी भिंतीला एक लहानशी खिडकी, तिला निळी काच. करुणा म्हणाली, "पाहा."

पंचफुलाबाईंनी डोळा लावला आणि मागे सरकल्या. पुन्हा लावला. आत जाळ नव्हताच, नुसता उजेड उकळत होता. चिपाड वरून उडत येत होतं आणि खाली पडायच्या आधीच, हवेतल्या हवेत, पेटून नाहीसं होत होतं.

"माय वं!" त्या ओरडल्या. पण तिथल्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हा त्यांनी करुणाला घट्ट मिठी मारली.

खाली आल्यावर करुणानं त्यांच्या हातात एक काळं, काचेसारखं चकाकणारं ढेकूळ दिलं. जड. कडा धारदार.

"हे काय?"

"ही तुमची माती."

पंचफुलाबाईंनी ते ढेकूळ उन्हात फिरवून फिरवून पाहिलं. "असी वितळते?"

"गुळाच्या पाकावानी. अन् थंडी झाली की जाळीले धरून बसते. मंग हवा येत नाई, जाळ मरते. साहेब म्हणत होते ते हेच. माती नाई पायजे म्हंजे नाई पायजे."

ढेकूळ घेऊन त्या घरी आल्या आणि मोतीरामभाऊंच्या ताटाशेजारी ठेवलं. "पाहा, आपलं वावर वितळून कसं होते ते." मग बोलत सुटल्या. मुळं पाण्यानं धुवायची तर पाणी कुठून आणायचं, आणि पुन्हा ओली होणार. झटकायची तर किती बाया लागतील. दगडावर आपटायची तर... मोतीरामभाऊ जेवले, हात धुतले, पानाला चुना लावला, सुपारी कातरली.

"मुळं न्याचीच कायले?" ते म्हणाले.

"मंग?"

"बागेतलं गवत कापाचं मशीन हाय ना. त्याले गोल पातं बसवते म्हणे, आरीवानी. वरच्यावर कापून घे. मुळं राहू दे जिथं हायेत तिथं."

पंचफुलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढं लांब तो माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असावा.

सौंसरच्या दुकानातून पातं आलं. सकाळी दव सुकल्यावर मोतीरामभाऊंनी मशीन खांद्याला लावलं आणि पऱ्हाटी गवतासारखी आडवी व्हायला लागली. पंचफुलाबाई मागे धावत काड्या उचलून बघत होत्या. कुठं मातीचा कण नाही. पण शेजारचे लोक नाराज झाले. "खुंट राहून गेले ना! पायात घुसतीन, बैलाच्या खुरात घुसतीन. अन् खुंटाले पुन्हा फूट आली तर बोंडअळी राहाले जागा."

ही तक्रार खरी होती, आणि पंचफुलाबाईंनी ती उडवून लावली नाही. राजूला विचारलं. राजू म्हणाला, "कापून झालं की त्याच दिवशी मी रोटाव्हेटर मारून देतो, वयनी. खुंट, मुळं, सगळं मातीत. वावर पण तयार." तसं करून पाहिलं. सकाळी कापणी, दुपारी कुट्टी, संध्याकाळी रोटाव्हेटर. दिवस मावळायच्या आत वावर काळंभोर, पेरणीला सज्ज. धूर नाही, राख नाही. ज्यांनी तक्रार केली होती तेच म्हणाले, "आमच्या इकडे कधी येता?"

आता कारखान्याला पुन्हा कसं विचारायचं? पंचफुलाबाईंनी विचारलंच नाही. एका गोणीत तुकडे भरले, बसमध्ये घातले आणि कुलदीप साहेबांच्या समोर नेऊन जमिनीवर पांढऱ्या चादरीवर ओतले.

"माती शोधा साहेब."

साहेब उकिडवे बसले. मुठी भरभरून तुकडे घेतले, चाळले, चादर झटकली. चादर पांढरीच राहिली. त्यांनी वर पाहिलं आणि हसले. "मी उद्या तुमच्या वावरात येतो."

आणि आले खरंच. दिवसभर थांबले. मशीनचं पातं कुठल्या उंचीवर ठेवायचं, तुकडे ताडपत्रीवर कसे पडतील, ढीग जमिनीला न लागता कसा राहील, हे त्यांनी दाखवलं. एक अडचण त्यांनाच आधी दिसली: नुसती पऱ्हाटी टाकली तर जाळ फार तापतो, ती चिपाडात मिसळून द्यावी लागेल. "म्हणजे आमचं चिपाडही पुरवून पुरवून वापरता येईल," ते म्हणाले. "बाई, हे जमलं ना, तो गर्मी में भी प्लांट चलेगा." दुपारी बायांबरोबर भाकर आणि ठेचा खाल्ला आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आल्यावरही हसत राहिले. महिन्याभरात कारखान्यानं मोठं, ट्रॅक्टरवर चालणारं तुकडे करायचं मशीन गावाला वापरायला दिलं. बायांचा गट झाला. रामाकोन्यातून काम शेजारच्या गावांत गेलं. पंचफुलाबाईंनी स्कूटी शिकून घेतली आणि तीन वेळा पडल्या, पैकी एकदा माझ्या तुळशीवर.

उसाचा हंगाम संपला. इतर वर्षी या दिवसांत कारखान्याच्या आवारात फक्त चिमण्या उडताना दिसायच्या. त्या वर्षी तिथं चिपाडाच्या डोंगराशेजारी पऱ्हाटीचा डोंगर उभा होता, ताडपत्रीखाली, कोरडा. पहिल्यांदा मिसळून टाकायचा दिवस ठरला तसं करुणानं गावात निरोप धाडला: सगळ्या बायांनी या. मलाही नेलं. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलो, भर उन्हात, डोक्यावर ओले टॉवेल घेऊन.

कंट्रोलरूमच्या काचेतून आम्हाला आत बघू दिलं. करुणा खुर्चीत बसली होती. समोर पडदे, दिवे, आकडे. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पट्ट्यावरून जळण वर जायला लागलं. आम्ही सगळ्या वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत होतो, तो कुठला हे कुलदीप साहेबांनी बोटानं दाखवलं होतं. काटा स्थिर होता. मग हळूच खाली आला.

पंचफुलाबाईंनी माझं मनगट धरलं. अजून खाली आला. कुणीतरी म्हणालं, "गेलं." साहेब पुढं झाले, पण करुणानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं काहीतरी फिरवलं, खालच्या माणसाला फोनवर सांगितलं, "हवा वाढवा, पट्टा कमी करा, हळू." मग आम्हाला ऐकू येईल असं स्वतःशीच म्हणाली, "पऱ्हाटी चिपाडावानी लवकर पेटत नाई. जराशी वाट पाहा लागते."

आम्ही वाट पाहिली. एक बाई ओठांत देवाचं नाव घेत होती, एक बुद्धाचं. काटा थांबला. थरथरला. आणि चढायला लागला.

चढता चढता तो आधीच्या जागेच्याही वर गेला आणि तिथं बसला. शेजारच्या इमारतीतून टर्बाइनचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता. साहेब म्हणाले, "बिजली लाईन में जा रही है. आत्ता तुमची पऱ्हाटी सौंसरात पंखे फिरवून राहिली." हे ते आमच्यासारखं बोलले म्हणून बाया हसल्या, आणि हसता हसता टाळ्या वाजवायला लागल्या. पंचफुलाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या जागच्या जागी उड्या मारत होत्या. त्यांच्या वयाच्या बाईला मी अशा उड्या मारताना कधी पाहिलं नव्हतं. मग करुणा खुर्ची दुसऱ्याकडे सोपवून बाहेर आली, तिच्या चेहऱ्यावर घाम आणि हसू, आणि दोघी रडायला लागल्या.

नंतर आम्हाला इथेनॉलच्या बाजूला नेलं. उंच उंच नळकांडी, आणि एका जागी काचेतून वाहणारा पातळ, स्वच्छ प्रवाह.

"हे पाणी होय काय?" एका बाईनं विचारलं.

"हेच इथेनॉल," साहेब म्हणाले. "तुमच्या वाफेवर निघालेलं."

पंचफुलाबाईंनी तपासणीच्या भांड्याजवळ नाक नेलं. "मोहाच्या फुलावानी वास येऊन राहिला!"

"बाई, हे पिण्याचं नाही," साहेब घाईघाईनं म्हणाले. "गाडीनं पिण्याचं आहे."

"मले समजते साहेब. पण गाडीचं नशीब पाहा ना!"

पहिला टँकर आमच्यासमोर निघाला. बायांनी त्याच्या बोनेटला कुंकू लावलं, ड्रायव्हरच्या हातात नारळ दिला. फोडायचा कुठं हे त्याला कळेना, कारण जवळपास ठिणगी पडू द्यायची नाही असा नियम. नारळानं ठिणगी पडत नाही हे त्याला कुणी समजावलं नाही. शेवटी तो गेटबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन फोडून आला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं.

पाऊस येईपर्यंत कारखाना चालला. करुणाला त्या उन्हाळ्यात घरी बसावं लागलं नाही. पुढच्या हंगामात गावोगावचे धूर एकदम थांबले असं मी म्हणणार नाही. अजूनही काही लोक काडी लावतात, कारण मशीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही किंवा ते येईपर्यंत त्यांना धीर धरवत नाही. पण कमी झाले, हे बसमधून दिसतं. मोतीरामभाऊंनी बागेतल्या होरपळलेल्या ओळीच्या जागी नवीन कलमं लावली आहेत.

यंदा पांढुर्ण्याच्या बाजूच्या एका गावातून पंचफुलाबाईंना बोलावणं आलं. त्यांच्या माहेराजवळचंच गाव. तिथल्या बायांना असाच गट करायचा होता. शनिवार होता, मीही गेले. समाजमंदिरात सतरंज्या, माईक, हार. वृषाली घोडे नावाची तिथल्या ग्रामपंचायतीची पंच प्रास्ताविक करत होती आणि पंचफुलाबाई खुर्चीत बसल्या बसल्या चुळबुळत होत्या. माईक हातात आल्यावर म्हणाल्या, "नमस्कार. मले असं बसून सांगता येत नाई." माईक कर्कश किंचाळला. त्यांनी तो खाली ठेवला.

"बाहेर चाला ना सगळ्या. कोणाचं वावर जवळ हाय?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागून एक म्हातारी उठली, काठी टेकत. "माह्यं हाय. नाल्याच्या पलीकडे. पऱ्हाटी उभीच हाय."

सगळ्या निघाल्या. हार खुर्चीवरच राहिला. गवत कापायचं मशीन आम्ही बसच्या टपावर बांधून आणलं होतं, ते दोघींनी उचललं. नाल्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. पलीकडे काळ्या वावरात पऱ्हाटी उभी होती, वाळून करकरीत.

पंचफुलाबाईंनी मशीन वृषालीच्या खांद्याला अडकवलं, पट्टा घट्ट केला, तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. "घाबरू नको. पातं जमिनीपासून एक वीत वर ठेवजो. माती लागली की समज, चुकलं."

"आणि मशीन चालू झालं नाही तर?" वृषालीनं विचारलं.

"झालं नाई तर मी खोलून पाहीन," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच दोरी ओढली. पहिल्या ओढीत नुसतं खोकलं. दुसऱ्या ओढीत सुरू झालं. वृषालीनं पाय रोवले आणि पहिली ओळ आडवी व्हायला लागली. म्हातारी काठी टाकून काड्या गोळा करायला वाकली, तशा बाकीच्या बायाही पदर खोचून वावरात उतरल्या.